सायलेंट हंटर ३: डिस्ट्रॉयरचे कान किती तिखट ठेवावेत?

दर्याकिनारी

मंडळी, 'सध्या काय खेळताय' या धाग्यावर पाणबुडीवाले दोन-चार जण निघाले, म्हणून हा वेगळा धागा. गेम जुना आहे, २००५ चा सायलेंट हंटर ३. अटलांटिक समुद्र, जर्मन यू-बोट आणि आपण कप्तान. ग्राफिक्स बघून आजची पोरं नाक मुरडतील. पण दीडशे मीटर खोल, मोटर अगदी हळू, आणि डोक्यावरून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचं, ही मजा मला दुसऱ्या गेममध्ये सापडलेली नाही.

तक्रार अशी की शत्रूच्या एस्कॉर्ट जहाजांचं (काफिल्याची राखण करणारी डिस्ट्रॉयर, कॉर्व्हेट वगैरे) ऐकणं फार सपाट आहे. मूळ गेममध्ये खोल गेलो, वेग दोन नॉटवर आणला, सायलेंट रनिंग (बोटीवरचा आवाज कमीत कमी) लावलं की सुटका ठरलेली. समुद्र खवळलेला असो की तेलासारखा, जहाज जुनं असो की नवं, निकाल तोच. वैतागून कठीण मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले फाइलींतले बदल) टाकावा तर दुसरं टोक: १९४० सालातली साधी कॉर्व्हेट पहिल्या पिंगलाच धरते आणि मग सोडतच नाही. मला मरण्याचं काही नाही हो, पण का मेलो ते कळायला हवं. वेग जास्त होता म्हणून, बाजू दाखवली म्हणून, समुद्र शांत होता म्हणून. 'फाइलीत आकडा मोठा होता म्हणून' हे कारण मला मान्य नाही.

ज्यांनी हे कधी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी: गेमच्या डेटा फोल्डरमध्ये सीएफजी नावाचं फोल्डर आहे, त्यात सिम.सीएफजी ही फाइल. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात व्हिज्युअल, रडार, हायड्रोफोन, सोनार असे वेगवेगळे भाग आहेत. हायड्रोफोन म्हणजे नुसतं कान देऊन ऐकणं; सोनार म्हणजे पिंग मारून प्रतिध्वनी पकडणं, ज्याला ब्रिटिश तेव्हा अ‍ॅस्डिक म्हणायचे. दोन्हींना डिटेक्शन टाइम, सेन्सिटिव्हिटी, वेव्हज फॅक्टर, स्पीड फॅक्टर आहेत. हायड्रोफोनला वर नॉइज फॅक्टर, सोनारला एनिमी सरफेस फॅक्टर आणि लूज टाइम.

लोक सरळ सेन्सिटिव्हिटीवर हात टाकतात. तिचा अर्थ फाइलीतच शेजारी लिहिलाय: कमाल पल्ल्याच्या तितक्या हिश्शावर शोध लागायला दुप्पट वेळ लागतो. माझ्या फाइलीत ०.०३ आहे. म्हणजे पाच हजार मीटर पल्ल्याच्या यंत्राला दीडशे मीटरवरच दुप्पट वेळ लागायला लागला. हा आकडा वाढवला की दूरवरसुद्धा झटकन शोध लागतो, आणि तो सगळ्यांचा वाढतो.

माझा विचार असा आहे: सेन्सिटिव्हिटीला हात लावायचा नाही. वेव्हज फॅक्टर वाढवायचा, म्हणजे खवळलेल्या समुद्रात ते खरंच बहिरे होतील. आणि एआय डिटेक्शन या भागात लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम आहे, मिनिटांत, तो १५ चा ३० करायचा. सापडायला कठीण, पण एकदा चाहूल लागली की लवकर परत जाणार नाहीत. यात काय चुकतंय, काय राहतंय, ते सांगा.

भांडुपकर

आमच्या घरात हा गेम म्हणजे 'बाबा हेडफोन लावून काळोखात काहीच करत नाहीत' असा आहे. बाकी धागा वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कारकून_अटलांटिकचा

दर्याकिनारी, लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइमचं पटलं. मी तो ३० वर ठेवला आहे, बरेच जण ठेवतात. पण सिम.सीएफजीची मूळ अडचण तुम्हीच लिहून ठेवली आहे: 'तो सगळ्यांचा वाढतो'. ती फाइल सर्व जहाजांना आणि सर्व सालांना एकच. तुम्ही १९४३ साठी जे बिघडवाल ते १९३९ मध्येही बिघडेल.

तुम्हाला हवंय ते दुसरीकडे आहे. सी फोल्डरमध्ये प्रत्येक जहाजाचं आपलं फोल्डर असतं आणि त्यात .एसएनएस फाइल. त्या जहाजावर कुठल्या जागी कुठलं यंत्र, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एवढंच तिच्यात असतं. तारीख आठ आकडी, आधी साल, मग महिना, मग दिवस. बदलायच्या त्या या तारखा.

इतिहास बघा. फ्लॉवर जातीच्या कॉर्व्हेट १९४० मध्ये पाण्यात यायला लागल्या तेव्हा त्यांच्यावर १२३ए हे यंत्र होतं, जे तेव्हाच जुनं समजलं जायचं. टाइप १४४ हे मधल्या काळातलं, चांगल्यापैकी नेमकं. पण खरा फरक टाइप १४७ ने पडला, १९४३ मध्ये. तोपर्यंतच्या अ‍ॅस्डिकला दिशा आणि अंतर कळायचं, खोली कळायची नाही. डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचा पाण्याखालचा बॉम्ब, किती मीटरवर फोडायचा हा अंदाजाचा मामला होता. १४७ ने खोली मोजता यायला लागली, आणि ती मापं स्क्विड या तीन नळ्यांच्या मॉर्टरला आपोआप मिळायला लागली. ३१ जुलै १९४४ ला लॉख किलिन या फ्रिगेटने यू-३३३ बुडवली ती स्क्विडची पहिली शिकार.

त्यामुळे तारखा बरोबर लावल्या की तुम्हाला हवा तो चढ आपोआप येतो. १९४० मध्ये तुम्ही राजे, १९४१ च्या अखेरीस जरा जपून, १९४३ च्या मेपासून देवाचं नाव घेऊन बंदर सोडायचं. त्या एका महिन्यात जर्मनांच्या ४१ यू-बोटी गेल्या.

आणखी एक गोष्ट. मोहिमेच्या .एमआयएस फाइलींमध्ये प्रत्येक जहाजाला क्रू रेटिंग असतं, ० ते ४. सोनारवर बसलेला माणूस नवशिका की मुरलेला, ते हे ठरवतं. यंत्र तेच ठेवून रेटिंग २ चं ४ केलं तर जहाज ओळखू येत नाही. काफिल्यात सगळे ४ कधीच नसत. एखाद-दुसरं मुरलेलं, बाकी कच्चे, अशी मिसळ करून बघा.

मांदेली

मी वर्सोव्याची, गेम भावाचा. तो खेळतो, मी बाजूला बसून ऐकते, त्यामुळे आवाजाबद्दलच बोलेन.

तुम्ही सगळे जहाज आणि लाटा एवढंच धरताय. समुद्र स्वतः केवढा बोलतो ते कुठे आहे? उबदार उथळ पाण्यात चटचट आवाज करणाऱ्या कोळंब्या असतात, त्यांची वसाहत असली की सतत तडतड चालू. ढोमी, घोळ हे मासे ज्या कुळातले, ते पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढबढब आवाज काढतात. युद्धाच्या वेळी, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत पाणबुड्या ऐकायला पाण्यात हायड्रोफोन सोडले होते, तर याच कुळातल्या माशांनी एवढा गोंधळ घातला की बाकी काही ऐकू येईना. आमच्याकडे घोळीचा भाव विचारा, आवाजाचं कौतुक कुणालाच नाही.

तर उथळ पाण्यात शत्रूला कमी ऐकू येईल अशी काही सोय आहे का गेममध्ये?

कारकून_अटलांटिकचा

@मांदेली, दंडवत! उथळ पाण्यासाठी सिम.सीएफजीत वेगळी ओळ नाही. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गस्ती बोटींचं क्रू रेटिंग उतरवणं हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. खोटा आहे, पण परिणाम तोच.

निवृत्त_नौसैनिक

नमस्कार. मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, त्याने हा धागा दाखवला. नोकरीतल्या यंत्रांबद्दल बोलणार नाही, आणि कृपया कुणी विचारूही नये. पण जे छापून आलेलं आहे, कुठल्याही वाचनालयात मिळतं, तेवढ्यावर दोन शब्द.

वर स्पीड फॅक्टरचा नुसता उल्लेख करून तुम्ही पुढे गेलात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ ती आहे. जहाज जितकं वेगात, तितका त्याच्याच अंगावरून वाहणाऱ्या पाण्याचा आणि पंख्याचा आवाज त्याच्याच सोनारच्या कानात. धावत्या लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलायचा प्रयत्न केलात तर समोरच्याचं जेवढं कळतं, तेवढंच. म्हणून शिकारी जहाजापुढे कायम पेच असतो: ऐकायचं असेल तर हळू जा, आणि हळू गेलात तर तुम्हीच टॉर्पेडोसाठी सोपं निशाण.

हा पेच पुस्तकी नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली आयएनएस खुकरी, पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने बुडवली. खुकरी आणि किरपाण याच पाणबुडीच्या शोधात होत्या. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवलेला होता, असं या घटनेच्या प्रसिद्ध वर्णनांमध्ये येतं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला स्मारक आहे, गेलात तर जाऊन या.

दुसरं म्हणजे पाण्याचं तापमान. उन्हाने वरचा थर तापतो, खाली थंड. ध्वनी जिथे वेग कमी तिकडे वळतो, म्हणजे थंड पाण्याकडे, खाली. त्यामुळे शांत, उन्हाच्या दिवशी दुपारनंतर सोनारचा पल्ला सकाळपेक्षा घटतो. अमेरिकी नौदलाला हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात लक्षात आलं, आधी त्यांना वाटायचं ऑपरेटर दुपारी जेवून सुस्तावतात. नंतर तापमान आणि खोली एकत्र नोंदवणारं बॅथीथर्मोग्राफ आलं, आणि पाणबुडीवालेही तेच वापरून वरच्या उबदार थराखाली, थंड पाण्यात लपायला लागले.

तुमच्या गेममध्ये हे आहे का, ते नातवाला सांगता आलं नाही.

दर्याकिनारी

काका, तुमच्यापुढे काय बोलणार. खुकरीबद्दल वाचलं होतं, पण या ओळीशी तिचा संबंध लागेल असं वाटलं नव्हतं.

तापमानाचा थर सायलेंट हंटर ४ मध्ये नीट आहे. तिथे सिम.सीएफजीत 'थर्मल लेयर सिग्नल अ‍ॅटेन्युएशन' ही ओळ आहे. १ म्हणजे थराचा काही परिणाम नाही, ३ म्हणजे थरापलीकडचा सिग्नल एक तृतीयांशावर. खाली जाताना खलाशी तुम्हाला थर ओलांडल्याचं सांगतोसुद्धा. मी ३ च्या बाजूचा, आणि तो ५ वर नेलेल्या लोकांना नावं ठेवतो, कारण मग थर म्हणजे पोलादी छप्पर होतं. दुपारचा परिणाम मात्र कुठेच नाही.

लॅमिंग्टनवाला

सगळे सिम.सीएफजीत अडकलात यार. खरा मसाला एआय_सेन्सर्स.डॅट मध्ये आहे, लायब्ररी फोल्डरात. ती नोटपॅडमध्ये उघडत नाही, त्यासाठी सायलेंट थ्रीडिटर नावाचं टूल लागतं, लोक एसथ्रीडी म्हणतात. उघडलं की प्रत्येक यंत्राची किमान-कमाल रेंज, बेअरिंग (आडवा कोन) आणि एलिव्हेशन (उभा कोन) दिसतं.

एलिव्हेशन बघा. गेममध्ये हा कोन वरून मोजतात, ९० म्हणजे क्षितिज, त्याच्यापुढे पाण्यात खाली. म्हणजे कमाल ११० असेल तर सोनारचा झोत क्षितिजाखाली २० अंशांपर्यंतच बघतो. त्याखाली तुम्ही गायब. ही कुणाची चूक नाही, खऱ्या अ‍ॅस्डिकचंही तसंच होतं, जवळ आलं की बोट झोताखालून निसटायची.

हिशेब करून बघा. तुम्ही २०० मीटर खोल. झोत २० अंश. म्हणजे जहाज साधारण ५५० मीटरवर आलं की त्याचा संपर्क तुटला. जहाज १५ नॉटने येतंय, तुमच्या डोक्यावर यायला ७० सेकंद. मग डेप्थ चार्ज टाकला, तो सेकंदाला तीनेक मीटरने बुडतो, २०० मीटरला अजून ६५ सेकंद. झाली सव्वादोन मिनिटं. तेवढ्यात तुम्ही पाच नॉट मारलेत तर साडेतीनशे मीटर सरकलात, कुठल्या बाजूला ते त्याला माहीत नाही. आणि चार्ज जीवघेणा ठरायला बोटीपासून दहा मीटरच्या आत फुटायला हवा. सुटलात.

आता तोच कोन १३५ करा, म्हणजे खाली ४५ अंश. संपर्क तुटतो २०० मीटरवर, आंधळा वेळ दीड मिनिटावर येतो. उलट १०० केलात तर साडेतीन मिनिटांच्या वर जातो. एक आकडा, आणि सगळा खेळ बदलतो. सेन्सिटिव्हिटीला हात न लावता.

१९४३ च्या आधीच्या यंत्रांना कमी कोन, १४७ ला जास्त. झालं काम. मग कारकूनसाहेबांच्या तारखा आहेतच.

आणि हो, मूळ फाइलीची कॉपी ठेवा. मॉड जेएसजीएमई या मॉड टाकायच्या-काढायच्या टूलमधून टाका, म्हणजे एका क्लिकवर परत जाता येतं. बोट बंदरात असताना बदल करा, भर गस्तीत सेव्ह केलेल्या गेमवर नवीन सेन्सर टाकून नंतर रडू नका. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला असेल तर हलवा, विंडोज तिथे जुन्या टूलना लिहू देतं असं दाखवतं आणि फाइल व्हर्च्युअलस्टोरमध्ये भलतीकडे ठेवतं. अर्धे लोक 'मॉड चालत नाही' म्हणतात ते यामुळेच.

दर्याकिनारी

लॅमिंग्टनवाला, हे सोनं आहे. हा आंधळा वेळच मला हवा होता, फक्त कुठे शोधायचा ते कळत नव्हतं. यातून खेळणाऱ्याला करायला काहीतरी मिळतं: जहाज जवळ येऊन तुम्ही झोताखाली जाईपर्यंत श्वास धरून बसा, मग पूर्ण वेग आणि सुकाणू एका बाजूला. शिवाय चार्ज फुटले की पाणी ढवळून निघतं, तेवढा वेळ त्यांना काही ऐकू येत नाही, तेव्हा पळून घ्या. खरे कप्तान हेच करायचे.

एनिमी सरफेस फॅक्टरचं पण बघितलं पाहिजे. तो चौरस मीटरमध्ये आहे, माझ्याकडे २००. तुम्ही बाजू दाखवली तर प्रतिध्वनी मोठा, नाक किंवा शेपूट दाखवली तर लहान. हा वाढवला की बोट वळवून ठेवण्याला किंमत येते.

खेळगडी

मी जरा वेगळं बोलू का? तुम्ही सगळे इतिहासाच्या नादाला लागून गेमचं वाटोळं करताय. तारखा बरोबर लावल्या, १४७ लावलं, क्रू ४ केला. १९४४ मध्ये काय खेळायचं मग? यू-बोटींवर गेलेल्या साधारण ४० हजारांपैकी ३० हजार परत आले नाहीत. तेवढाच खरेपणा हवा असेल तर गेम सुरू करून बंद करा, आकडेवारी जुळेल.

मला दिवसभर ऑफिस, दोन तास प्रवास, रात्री एक तास मिळतो. त्यात मला जिंकायची शक्यता हवी, आणि ताण हवा. सेन्सिटिव्हिटी थोडी खाली, लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम १०, झालं. यात काय वाईट?

दर्याकिनारी

वाईट काही नाही, तुमचा गेम आहे. पण तुम्ही म्हणताय तो ताण लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम १० मध्ये येत नाही. दहा मिनिटांनी ते निघून जाणार हे तुम्हाला माहीत आहे, मग तुम्ही घड्याळ बघता, समुद्र नाही. मी स्वतः ३० वर खेळतो तेव्हा मध्येच ते परत येतात, आणि 'आता गेले' म्हणून पेरिस्कोप वर काढायला हात शिवशिवत असतो, तो खरा ताण.

१९४४ चं म्हणाल तर तेव्हा खरंच हरायचं असतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट १९४० आणि १९४४ सारखंच सोपं असेल तर मधली चार वर्षं नुसती नावापुरती.

कारकून_अटलांटिकचा

खेळगडींच्या मुद्द्यात एक अर्धा मुद्दा आहे, तो मी उचलतो. १९४३ नंतर खरी भीती एका जहाजाच्या सोनारची नव्हतीच. ब्रिटिश कप्तान फ्रेडरिक जॉन वॉकर यांनी पद्धत काढली: एक जहाज मागे दूर उभं राहून संपर्क धरून ठेवायचं, आणि दुसरं पिंग न मारता, अगदी हळू, तुमच्या वेगाने तुमच्यावर सरकत यायचं. तुम्हाला फक्त लांबचा पिंग ऐकू येतो, वाटतं अजून दूर आहेत. लॅमिंग्टनवाल्यांचा सगळा आंधळ्या वेळेचा हिशेब यात कोसळतो, कारण धरून ठेवणारं जहाज जवळ येतच नाही.

हे सिम.सीएफजीत नाही, एसएनएसमध्ये नाही, कुठेच नाही. गेममधली एस्कॉर्ट जहाजं एकमेकांशी असं ठरवून वागत नाहीत. म्हणून १९४४ चं एकटं जहाज जास्त तिखट केलं तर ते खोटं वाटत नाही मला. दोघांचं काम एकाला करावं लागतंय.

उत्तररात्र

सगळं वाचलं. प्रश्न एकच: हे बदल केल्यावर तपासताय कसे? मोहिमेत खेळून 'आता जरा कठीण वाटतं' असं म्हणण्याला अर्थ नाही. मोहिमेत हवामान वेगळं, जहाजं वेगळी, क्रू वेगळा. कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

मुलगा झोपला की मी खेळते, रोज थोडंच, त्यामुळे वेळ वाया घालवायला आवडत नाही. गेमसोबत मिशन एडिटर येतो. त्यात एक मिशन बनवा: एक एस्कॉर्ट, एक यू-बोट, ठरलेलं अंतर, ठरलेली दिशा, वारा शून्य, रेटिंग २. बोट १०० मीटर खोल, दोन नॉट. संपर्क कधी लागतो ते घड्याळावर बघा. मग फक्त एक गोष्ट बदला. वारा १५ मीटर प्रति सेकंद. परत. मग वारा शून्य, रेटिंग ४. परत. मग फाइलीत वेव्हज फॅक्टर.

माझ्याकडे रेटिंगचा फरक वेव्हज फॅक्टरच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आला. म्हणजे दर्याकिनारी, तुमचा वाऱ्याचा बदल मुरलेल्या क्रूसमोर जवळजवळ दिसतच नाही. आधी मोहिमेतली रेटिंग उतरवा, मग लाटांचं बघा. उलट क्रमाने केलंत तर फॅक्टर एवढा वाढवावा लागेल की वादळात शेजारून गेलात तरी कळणार नाही.

खेळगडींना: रेटिंगची मिसळ करा. काफिल्यात एकच ४, बाकी १ आणि २. तो एक कुठला हे तुम्हाला माहीत नसतं. ताण तिथून येतो, आणि सुटायची शक्यताही राहते.

खेळगडी

@उत्तररात्र, हे करून बघतो. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या एका तासाचा विचार केला.

भांडुपकर

पॉपकॉर्न संपले. मिशन एडिटर कुठे असतो?

उत्तररात्र

गेमच्या मुख्य फोल्डरमध्येच त्याची वेगळी एक्झी असते.

निवृत्त_नौसैनिक

उत्तररात्र यांची पद्धत योग्य. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एक सूचना: चाचणी करताना बोटीचा वेगही बदलून पाहा, आणि शिकारी जहाजाचा वेगही. दोन्ही सारखे ठेवलेत तर स्पीड फॅक्टरबद्दल काहीच कळणार नाही. नातवाला तेच करायला बसवलं आहे. शाळेचा अभ्यास झाल्यावर.

दर्याकिनारी

सगळ्यांचं ऐकून सध्या असं ठरवलंय. सेन्सिटिव्हिटी मूळची. लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम ३०. एनिमी सरफेस फॅक्टर थोडा वर. १४४ च्या आधीच्या ब्रिटिश यंत्रांचं कमाल एलिव्हेशन १०५, १४४ ला ११०, १४७ ला १३०. एसएनएसच्या तारखा कारकूनसाहेब देतील त्या. मोहिमेच्या फाइलींमध्ये रेटिंगची मिसळ, आणि वेव्हज फॅक्टर सगळ्यात शेवटी, उत्तररात्र यांच्या मिशनवर तपासून. स्पीड फॅक्टर काकांच्या नातवाचा निकाल आल्याशिवाय हलवणार नाही.

@लॅमिंग्टनवाला, १४७ ला १३० जास्त होईल का? २०० मीटरवर आंधळा वेळ पावणेदोन मिनिटांच्याही खाली येतोय.

लॅमिंग्टनवाला

होऊ दे ना. कारकूनसाहेब म्हणतायत तसं वॉकर गेममध्ये नाही, मग एवढं तरी हवं. फक्त किमान रेंज बघ, ती मोठी असेल तर कोन कितीही वाढवलास तरी जवळ आल्यावर तो आंधळाच राहणार. दोन्ही मिळून ठरतं ते.

मांदेली

भावाने कालच १३० लावून बघितलं. १९४४, आयर्लंडच्या वायव्येला. बराच वेळ शिव्या देत होता, मग गप्प झाला, मग म्हणाला, 'त्याला मी वळताना दिसलो.' आता एकटाच एलिव्हेशन १२० करत बसलाय, मला हेडफोन देत नाहीये.